सीमेवरच्या भिंतींचा वन्यजीवांवर काय परिणाम होतो, हे दाखवणारी सहल सांगली-साताऱ्यात काढता येईल का?

येईल. कॉलेजच्या निसर्ग मंडळासाठी विचारलंय, म्हणून सरळ सागरेश्वर सुचवतो. तिथे देशाची सीमा नाही, पण चारी बाजूंनी कुंपण घातलेलं अख्खं जंगल आहे. कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या मधलं हे अभयारण्य जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं. उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडं वाढली, हरणं आणून सोडली, 1985 साली अभयारण्य जाहीर झालं. भोवती जाळी आणि जाळीपलीकडे लगेच ऊस.

आमचा गट तिथे जातो तेव्हा आधीच ठरवून घेतो: आज हरणं मोजायची नाहीत, कुंपणाच्या कडेने चालायचं. ओघळ कुंपणाखालून जातो तिथे थांबा. पावसात माती वाहून जाते आणि जाळी अधांतरी लोंबते. खालची जमीन पोटं घासून गुळगुळीत झालेली, तळच्या तारेला राठ केस अडकलेले. वाकून बघा, ठसे आत जाणारेही सापडतील आणि बाहेर जाणारेही. रानडुकराने उकरलेली वाट मग ससे-मुंगसंही वापरतात. उन्हाळ्यात आतलं गवत वाळतं, बाहेर उसाला पाणी चालू असतं. हरणांनी थांबायचं कशाला? पण तिथल्या शेतकऱ्याशीही निवांत बोला. पिकासाठी रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला जाळी हवीच असते, आणि त्याचं चुकतं असं मला अजिबात वाटत नाही.

हे बघितल्यावर सीमेवरच्या भिंती मुलांना पटकन समजतात. पोलंडने 2022 मध्ये बेलारूसच्या सीमेवर 186 किलोमीटर लांब, साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण उभारलं. ते बियावोव्हिएझाच्या प्राचीन अरण्यातून जातं. तिथले लिंक्स (रानमांजराचा मोठा प्रकार) आता दोन तुकड्यांत अडकलेत, युरोपीय गवे तर सोव्हिएत काळातल्या जुन्या कुंपणाने आधीच विभागले गेले होते, आणि छोट्या गटात जोड्या जवळच्या नात्यात लागण्याचा धोका वाढतो. अमेरिका-मेक्सिको सीमेवर पोलादी खांबांमधली फट साधारण 10 सेंटिमीटर. सरडा जाईल, जग्वार कसा जाणार? पाण्याचंही तेच. 2011 साली ॲरिझोनातल्या ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारक या संरक्षित वाळवंटी प्रदेशात पुराबरोबर आलेला काडीकचरा कुंपणात अडकला, पाणी तुंबलं आणि कुंपणाचा एक तुकडा आडवा झाला. म्हणून मी ओघळीवर एवढा भर देतो. पाणी आणि जनावर, दोघांचीही वाट बहुतेक तिथूनच असते.

दुसरा दिवस हाताशी असेल तर चांदोली. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. इथे राधानगरीच्या बाजूने वाघ चालत आल्याची नोंद आहे. मधला पट्टा गावांचा, शेतांचा, रस्त्यांचा. तो मोकळा राहिला तरच ही ये-जा टिकेल. नकाशा उघडून तो पट्टा बोटाने शोधायला लावा, मुलं त्यात रमतात.

सागरेश्वरला रेल्वेने ताकारी स्टेशन जवळ पडतं. पावसाळा संपता संपता जा, ओल्या मातीत ठसे चांगले उमटतात. वनखात्याची परवानगी आधी काढा, बांधावरून जाताना मालकाला विचारा, आणि शेताच्या तारेला कुणी हात लावू नका. बऱ्याच ठिकाणी झटका मशीन जोडलेलं असतं.