रन म्हणजे नुसतं पळणं नाही

प्रश्न: मुलीने रनचा अर्थ विचारला, मी सांगितलं पळणं. तर तिच्या पुस्तकात नाक रन होतंय, मशीन रन होतंय, कोणी निवडणुकीला रन करतंय! एका शब्दाला अर्थ तरी किती, आणि पाठ कसे करायचे?

उत्तर: पाठ करायच्या भानगडीत पडूच नका. ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी २०११ च्या सुमारास रन नव्याने लिहायला घेतला तर नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले, क्रिकेटमधली रन वगैरे नामं वेगळीच. त्याआधी १९८९ च्या आवृत्तीत सेट हा शब्द सगळ्यात मोठा होता, त्याचे ४३० च्या आसपास.

पण बरेचसे अर्थ एकमेकांना धरून असतात हो. पळणं म्हणजे न थांबता पुढे जाणं, मग पाणी, नाक, रंग वाहतो तोही रन, यंत्रं आली तशी ती चालतात तेही रन, आणि आपण ती चालवतो म्हणून दुकान चालवणं, प्रोग्राम चालवणं पण रनच. निवडणुकीचं म्हणाल तर ते जास्त करून अमेरिकन, ब्रिटिश लोक तिथे स्टँड म्हणतात. खरा त्रास मागे लागणाऱ्या शब्दांचा, रन आउट ऑफ म्हणजे संपणं, रन इन्टू म्हणजे अचानक गाठ पडणं, हे मात्र अख्खंच लक्षात ठेवावं लागतं.

आणि आपलं लागणं बघा ना, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागतं, वेळ लागतो, कोणी यादी पाठ केली होती का? मुलीला शब्द एकटा न देता पूर्ण वाक्य द्या.