सांगलीतल्या कॅसेटी बेंगळुरूमध्ये कशा ऐकाव्यात?

प्रश्न : मी निवृत्त संगीतशिक्षक असून गेली काही वर्षे मला दिसत नाही. नाट्यपदे, कीर्तने आणि मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणे अशा माझ्या कॅसेटी मुलाने संगणकावर उतरवून दिल्या असून त्यांनी सुमारे १४० जीबी जागा घेतली आहे. माझा फोन अँड्रॉइडचा, ६४ जीबीचा आहे आणि तो मी टॉकबॅकवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर) वापरतो. पावसाळ्याचे चार महिने मुलीकडे बेंगळुरूला राहायचे आहे. तेथून घरच्या संगणकावरचे संगीत फोनवर ऐकता येईल का? भाच्याने राउटरमध्ये ‘पोर्ट’ (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून दिला, तरीही घराबाहेर पडताच काहीच लागत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ऐकता येईल, आणि त्यासाठी पोर्ट उघडण्याची गरज नाही, भाच्याने उघडलेला पोर्ट तर आजच बंद करून टाकावा. त्याचे काही चुकलेले नाही, पण त्याची युक्ती प्रत्येक घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता मिळत असे त्या काळातली आहे. आता अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून आलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन’ या नावापुढचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुमच्याकडे हाच प्रकार आहे असे समजावे. शिवाय ज्या घरात पोर्ट खरोखर उघडतो, तेथे दार ठोठावणारे तुम्ही एकटेच नसता.

यावरचा उपाय म्हणजे संगणक आणि फोन यांच्यात स्वतःचे खासगी जाळे विणणे. टेलस्केल नावाचा कार्यक्रम ते काम करतो आणि घरगुती वापरासाठी तो विनामूल्य मिळतो. तो दोन्हीकडे बसवून एकाच खात्याने प्रवेश केला की बेंगळुरूतल्या फोनला सांगलीतला संगणक शेजारच्या खोलीत असल्यासारखा सापडतो. तो प्रत्येक उपकरणाला एक पत्ता देतो. गंमत म्हणजे तो पत्ताही शंभरानेच सुरू होतो, तेव्हा वर सांगितलेल्या राउटरच्या पत्त्याशी त्याची गल्लत करू नका.

जाळे झाले, आता संगणकावरचे संगीत फोनला पुरवणारा कार्यक्रम हवा. तुमच्यासाठी मी नॅव्हिड्रोम सुचवतो. तोही मोफत असून जुन्या लॅपटॉपवरही चालतो. याहून देखणे पर्याय आहेत, परंतु आपल्यासारख्यांच्या दृष्टीने नॅव्हिड्रोमचा मोठा गुण वेगळाच आहे. तो ‘सबसॉनिक’ या जुन्या, सर्वांना खुल्या असलेल्या पद्धतीने बोलतो आणि त्या पद्धतीने बोलणारी फोनवरची ॲप्स अनेक आहेत. मी स्वतः स्क्रीन रीडरवरच काम करत असल्यामुळे अनुभवाने सांगतो की, आज नीट बोलणारे ॲप पुढच्या अद्ययावतीकरणानंतर ‘नाव नसलेले बटण’ एवढेच बोलू लागते. असे झाले तर ॲप बदलावे. घरच्या संगणकावरचे काहीही हलवावे लागत नाही. एखाद-दुसरेच बटण मुके असेल, तर टॉकबॅकच्या मेन्यूतून त्याला आपल्या पसंतीचे नाव देता येते. मी तर तशा एका बटणाला ‘पुढचे गाणे’ असे साध्या मराठीत नाव देऊन ठेवले आहे.

निघण्यापूर्वीचे खरे काम मात्र नावांचे आहे आणि ते कंटाळवाणे असले तरी टाळू नये. नॅव्हिड्रोम फोल्डरकडे फारसे पाहत नाही; प्रत्येक फाइलच्या आत लिहिलेली गायकाची, संग्रहाची आणि पदाची नावे तो वाचतो. कॅसेटींवरून उतरवलेल्या फाइलींत ही नावे बहुधा नसतातच, किंवा जुन्या मराठी फाँटांत टंकलेली असतात. तशी अक्षरे पडद्यावर मराठी दिसत असली, तरी आतून ती युनिकोड (सर्वत्र चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसतात आणि स्क्रीन रीडर त्यांचा उच्चार अर्थहीन कचऱ्यासारखा करतो. एमपी३टॅग या मोफत कार्यक्रमाने फाइलीच्या नावावरून आतली नावे एकगठ्ठा भरता येतात. त्यातही एक पथ्य पाळावे : ओळखीचा शब्द आधी लिहावा. ‘कॅसेट क्रमांक १७, बाजू ब, खासगी मैफल, यमन’ असे नाव असले की दर वेळी सात शब्द ऐकल्यावर कोठे राग कळतो, आणि अशी दोनशे नावे उलटताना माणूस वैतागतो. ‘यमन, खासगी मैफल, १७ ब’ असे लिहिले तर पहिल्याच शब्दाला बोट पुढे सरकवता येते. डोळस माणसाची नजर ओळीच्या मध्यभागी जाऊन बसते; आपल्याला ओळ सुरुवातीपासूनच ऐकावी लागते. पदांचा क्रम राखण्यासाठी अनुक्रमांक त्याच्या स्वतंत्र रकान्यातच भरावा, नावात नको.

डेटाची चिंता करू नका. सेकंदाला १२८ किलोबिटच्या दर्जाने एका तासाच्या गाण्याला जेमतेम ५८ एमबी लागतात. फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपातल्या मूळ फाइली मात्र त्याच्या पाच-सहा पट डेटा खातात, म्हणून मोबाइल डेटावर असताना ॲपमध्ये दर्जाची मर्यादा घालून ठेवावी. घरचा संगणक फाइल तेथल्या तेथे लहान करून पाठवतो. कॅसेटीच्या खरखरीत तुम्हाला फरक जाणवणार नाही, जाणवला तर मुलीच्या वायफायवर मूळ दर्जा लावावा.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा ही व्यवस्था करून मी बहिणीकडे गेलो आणि तिसऱ्या दिवशी पहाटे सारे बंद पडले. रात्री संगणकाने स्वतःला अद्ययावत केले, तो पुन्हा सुरू झाला आणि पासवर्डची वाट पाहत थांबून राहिला. म्हणून टेलस्केलच्या सेटिंगमध्ये कोणी प्रवेश केलेला नसतानाही चालू राहण्याचा पर्याय निवडावा आणि नॅव्हिड्रोम विंडोजची ‘सेवा’ (पडद्यामागे आपोआप सुरू होणारा कार्यक्रम) म्हणून बसवावा, म्हणजे तो पासवर्डसाठी अडून राहत नाही. संगणकाची झोप पूर्णपणे बंद करावी. आणखी एक खोच अशी की टेलस्केलमधली उपकरणाची ओळख साधारणपणे १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा प्रवेश करावा लागतो. जोडणी करून बराच काळ झाला असेल, तर ती नेमकी तुमच्या मुक्कामातच संपायची. म्हणून त्यांच्या संकेतस्थळावर घरच्या संगणकापुरती ती मुदत काढून टाकावी.

टेबलावरचा संगणक ८० वॅट घेत असेल तर महिन्याला सुमारे ५८ युनिट वीज जळेल, जुना लॅपटॉप त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात भागवतो आणि वीज गेली तरी बॅटरीवर तग धरतो. राउटरला मात्र स्वतःची बॅटरी नसते, तेव्हा त्याच्यासाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्यावा. जाण्याआधी दोन दिवस वायफाय बंद ठेवून नुसत्या मोबाइल डेटावर सर्व ऐकून पाहावे, आणि घराची किल्ली ज्या शेजाऱ्याकडे देणार असाल त्याला लॅपटॉप कसा बंद-चालू करायचा ते दाखवून ठेवावे.

प्रश्न : घरातला असा संग्रह भावंडांना ऐकू देणे कायद्यात बसते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : स्वतःच्या खासगी वापराला कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात मुभा आहे, आणि २०१२च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी साहित्य सुलभ स्वरूपात आणण्याचीही सोय केली आहे. पण संग्रहाचा पासवर्ड सोसायटीच्या समूहावर टाकणे म्हणजे खासगी वापर नव्हे.

प्रश्न : माझ्याकडे डेझी पुस्तके (दृष्टिहीनांसाठीच्या खास स्वरूपातली बोलकी पुस्तके) वाचणारा खिशातला प्लेअर आहे. तो घरच्या संगणकाला असाच जोडता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, अशा प्लेअरवर त्याच्या निर्मात्याचेच कार्यक्रम चालतात, टेलस्केलसारखे बाहेरचे ॲप बसत नाही. मला त्याचा खेदही वाटत नाही. डेझी पुस्तकात आवाजाबरोबर प्रकरणे, पाने आणि मथळे यांचा नकाशा असतो. संगीताच्या सर्व्हरवर ते ठेवले तर तो फक्त एमपी३ उचलतो आणि नकाशा मागेच राहतो. मग प्रकरण सातवे, पान ११२ येथे उडी मारता येत नाही. सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातून उतरवलेली पुस्तके म्हणूनच मेमरी कार्डावर घालून न्यावीत. दहा तासांचे पुस्तक सेकंदाला ६४ किलोबिटच्या दर्जाने सुमारे २८८ एमबीत मावते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर अशी शंभर पुस्तके येतात. प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र फोल्डर ठेवा आणि त्यातली एकही छोटी फाइल ‘निरुपयोगी’ म्हणून पुसू नका. नकाशा त्या छोट्या फाइलींतच असतो.