हिमालयात कण्हेर कुठून आली?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. एप्रिलमध्ये त्या उत्तराखंडातल्या चोपता-तुंगनाथला जाऊन आल्या आणि सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी त्यांनी चार पानं लिहून दिली. त्यात एक वाक्य होतं, ‘वळण घेतलं आणि समोरचा अख्खा उतार ऱ्होडोडेंड्रॉननी लाल झाला होता.’ अंकाचं संपादन करणाऱ्या काकांनी इंग्रजी शब्द नको म्हणून तिथे ‘कण्हेरींनी’ केलं. ताई लिहितात, ‘आमच्या गेटपाशीच कण्हेर आहे, मला ती ओळखू येते. मी पाहिलं ते झाड वेगळं होतं. पण काका म्हणतात, एका जुन्या पुस्तकात असंच दिलंय. मग खरा मराठी शब्द कोणता? गुलाबवृक्ष चालेल का?’

ताई, तुमचे डोळे बरोबर आहेत. पण काकाही हवेतून बोललेले नाहीत. त्यांना फक्त दोनेक हजार वर्षांचा उशीर झालाय.

आधी झाडं पाहू. कण्हेरीची पानं अरुंद, सुरीसारखी आणि बहुधा एका पेराला तीन-तीन. पान तोडलं की चीक येतो. फूल पाच पाकळ्यांचं, किंचित पिळ दिल्यासारखं. पाम बीच रोडच्या दुभाजकावर भर उन्हात, धुरात, पाण्याशिवायही ती फुलत असते. तुम्ही पाहिलेल्या झाडाची पानं जाड, चामड्यासारखी, वरून हिरवीगार आणि खालून रुपेरी किंवा तांबूस. पान उलटून पाहिलं असेल तर आठवेल. फुलं घंटेसारखी, पंधरा-वीस एकत्र, फांदीच्या टोकाला चेंडू बांधल्यासारखी. दोन्ही सदाहरित आणि दोन्ही विषारी कुळातली, पण नातं एवढंच. (तुम्ही पाहिलेल्या त्या लाल फुलांचं सरबत मात्र करतात. तुम्हीही बाटली आणली असेल, सगळेच आणतात.)

आता काकांचं पुस्तक. मला वाटतं, त्या पुस्तकात ग्रीक शब्दाचा जुना अर्थ दिलेला असणार. ग्रीकमध्ये ‘ऱ्होडोन’ म्हणजे गुलाब आणि ‘डेंड्रॉन’ म्हणजे झाड. पण प्राचीन काळी हे नाव ज्या झाडाला होतं, ते झाड म्हणजे कण्हेरच. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की ऱ्होडोडेंड्रॉन हे नाव ग्रीकांकडून आलं आणि त्याच झाडाला कुणी नेरियम असंही म्हणतात. नेरियम हे आज कण्हेरीचं शास्त्रीय नाव आहे. भूमध्य समुद्राकाठी ओढ्यांच्या कडेने गुलाबी कण्हेर माजलेली असते. तिला ‘गुलाबाचं झाड’ म्हणावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. पुढे युरोपात हे नाव आल्प्समधल्या एका डोंगरी झुडपाकडे सरकलं. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 साली वनस्पतींची नावं पक्की केली तेव्हा कण्हेरीला नेरियम मिळालं आणि ऱ्होडोडेंड्रॉन कायमचं डोंगरावर गेलं. त्यानंतर हिमालयातले भाऊबंद सापडत गेले. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर 1848 ते 1850 मध्ये सिक्कीमच्या बाजूला फिरला. त्याने पाठवलेल्या बियांतून इंग्लंडच्या बागा या झुडपांनी भरल्या. मूळ मालकीण राहिली आपल्या दुभाजकावर.

तेव्हा काकांना सांगा की ‘कण्हेर’ हा प्लिनीचा अनुवाद म्हणून बरोबर, तुंगनाथचा म्हणून चूक.

जाता जाता, नाव सारखं दिसलं म्हणून फसण्याचं घरचंही उदाहरण आहे. येऊरच्या डोंगरापलीकडची कान्हेरी लेणी कण्हेरीवरून आली असं छातीठोक सांगणारे मला ठाण्यात दोघं-तिघं भेटलेत. तिथल्या शिलालेखांत कृष्णगिरी, कण्हगिरी अशी नावं आहेत, म्हणजे काळा डोंगर. तिकडे फूल नाही, दगडाचा रंग आहे. आपली कण्हेर आली ती संस्कृत ‘करवीर’वरून, प्राकृतातल्या ‘कणवीर’मार्गे.

आता ‘गुलाबवृक्ष’. शब्दशः भाषांतर म्हणून तो चोख आहे, तुम्हाला वाटतो त्याहूनही चोख. ‘गुलाब’मधला फारसी ‘गुल’ आणि ग्रीक ‘ऱ्होडोन’ हे दोन्ही एकाच जुन्या इराणी शब्दाची नातवंडं मानतात. म्हणजे अर्ध्या शब्दाचं भाषांतर करायला गेलात आणि त्याचाच चुलतभाऊ हाताला लागला. (‘गुल’ म्हणजे फूल, ‘आब’ म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणीच. आपण त्याला फूल केलं आणि पाणी वेगळं जोडलं. त्यामुळे ‘गुलाबपाणी’ म्हणताना आपण दोनदा पाणी ओततो.) दुसऱ्या अर्ध्यातही गंमत आहे. ‘डेंड्रॉन’चं नातं संस्कृत ‘दारु’शी, ‘द्रुम’शी लागतं, म्हणजे आपल्या देवदाराशी. गढवालात ही दोन झाडं एकाच रानात शेजारी-शेजारी उभी असतात आणि नावाने सख्खी आहेत, हे तिथे कुणाच्या गावीही नसतं.

तरीही गुलाबवृक्ष लिहू नका. वाचकाला ते झाड दिसणार नाही, त्याला फांदीवर गुलाब दिसतील. असे घडवलेले शब्द कोशात नीट दिसतात, तोंडात बसत नाहीत. एक सोपी कसोटी सांगतो. ‘गुलाबवृक्षाखाली डबा उघडून बसलो’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. मला तरी संगीत नाटकाचा पडदा वर गेल्यासारखं वाटतं.

खरा मराठी शब्द कोणता, याचं उत्तर म्हणजे तो नाही. नसण्याचं कारण भूगोलात आहे. हे झाड उंचावरचं, आपल्याकडे उगवतच नाही. आपला सगळ्यात उंच डोंगर कळसूबाई, 1646 मीटर. दक्षिणेत निलगिरीवर, दोड्डाबेट्टाच्या 2637 मीटरच्या आसपास ते पुन्हा भेटतं. म्हणून मल्याळीत त्याला घरचं नाव आहे, ‘काट्टुपूवरशु’. काट्टु म्हणजे रानटी आणि पूवरशु म्हणजे आपला भेंडीचा वृक्ष, खाडीकाठचा, पिवळ्या फुलांचा. त्या लोकांनीही ओळखीच्या झाडाला ‘रान’ जोडून काम भागवलं. आपण रानभेंडी, रानहळद, रानकेळ म्हणतो, तसंच. नेपाळीत ‘लालीगुराँस’ आहे. तिथे ते राष्ट्रीय फूलच आहे. आपण रोज जे बघतो त्याला मात्र मराठीत कमी नाही. कारवी, सावर, पांगारा, पळस, बहावा, कुडा... मी एका दमात एवढी म्हणतो, येऊरचा वाटाड्या आणखी वीस सांगेल.

मग लिहायचं काय? माझं मत ‘बुरांस’. गढवाल-कुमाऊंत लोक तेच म्हणतात, तो उत्तराखंडाचा राज्यवृक्ष आहे आणि तुम्हाला तिथे कुणीतरी तोच शब्द बोटाने दाखवत सांगितला असणार. हिंदीत ‘बुरांश’ही लिहितात. तिकडचा उच्चार नाकातला आहे. मराठी वाचक तो ‘मांस’, ‘हंस’च्या चालीवर वाचेल, म्हणजे किंचित ‘व’ मिसळून. वाचू दे. शब्द गावात राहायला आला की त्याने गावचं बोलायचं.

आणि तो राहील असं वाटण्याला माझ्याकडे व्याकरणातलं कारण आहे. परका शब्द मुरला की नाही, हे त्याच्या सामान्यरूपावरून कळतं. टेबल मुरलं, म्हणून ‘टेबलावर’. मोबाइल अजून पाहुणा, म्हणून ‘मोबाइलवर’. ‘ऱ्होडोडेंड्रॉनाचं’ असं कुणी म्हणणार नाही. ‘बुरांसाचं सरबत’, ‘बुरांसाखाली बसलो’ हे मात्र पहिल्याच दिवशी जमतं, कारण ‘पळसाचं’, ‘पळसाखाली’ ही वाट आधीच पडलेली आहे. दोघं साधारण एकाच मोसमात लाल होतात, त्यामुळे जोडीही शोभते. लिंग पुल्लिंगच ठेवा, तो बुरांस. पहिल्या उल्लेखाला ‘बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन’ असं एकदा सांगा, पुढे नुसता बुरांस.

एकदाच लिहायचा असला तरी तो लांबलचक शब्द नीट लिहा. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या ‘ऱ्हो’चा नुसता ‘रो’ झालेला दिसतो. इंग्रजी उच्चार तसाच आहे, तिथला ‘ह’ मुका. पण जुन्या ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ श्वास सोडत म्हणत. आपल्याकडे तो ‘ऱ्ह’ आहे, वऱ्हाडातला, तऱ्हेतला. संस्कृत ‘ह्रास’सुद्धा आपण उलटवून ‘ऱ्हास’ केला. इंग्रजी स्पेलिंगमधला ‘ह’ पाहून कुणी मराठी माणसाने ‘ऱ्होडो’ लिहिलं असेल, आणि चुकून तो ग्रीकांच्या जास्त जवळ गेला. फक्त मोबाइलवर टंकताना रफार येऊ देऊ नका. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि डोंगर एवढं अंतर आहे, आणि तुमचा लेख दऱ्यांचा आहे.

राहता राहिलं शेवटी विचारलेलं, ‘तेच झुडूप बाल्कनीत लावता येईल का?’ हे शब्दचर्चेत बसत नाही, पण माझं हसं झालंय म्हणून सांगतो. नर्सरीत ‘अझेलिया’ नावाने मिळतं ते याच कुळातलं. लिनियसने ते वेगळं ठेवलं होतं, नंतरच्यांनी यात घातलं. त्याला आंबट माती आणि गारवा लागतो. मी घोडबंदर रोडच्या एका नर्सरीत अझेलिया मागितला. पोऱ्याने आतून जाड बुंध्याचं, गुलाबी फुलांचं रोप आणलं, ‘हेच ते, काका.’ घरी येऊन पान तोडलं तर चीक. अडेनियम होतं, कण्हेरीच्याच कुळातलं. पश्चिमेच्या उन्हात तिसऱ्या वर्षीही ठणठणीत आहे.