पुस्तिकेतील १५ नॉटांपेक्षा आडवा वारा कमी असतानाही सेसना १७२ धावपट्टीबाहेर का जाते?

आपला प्रश्न असा आहे की, सेसना १७२ या छोट्या एकइंजिनी विमानाच्या पुस्तिकेत आडव्या (बाजूने येणाऱ्या) वाऱ्यासाठी १५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) हा आकडा दिलेला असताना त्याहून कमी वाऱ्यातही उतरताना अपघात का होतात. याच विमानावर मी बरीच वर्षे उड्डाण शिकवत आलो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मुळात हा आकडा मर्यादा नव्हे. चाचणीत ज्या आडव्या वाऱ्यात विमान प्रत्यक्ष उतरवून दाखवले, तो हा वारा आहे. शिवाय विद्यार्थी नियंत्रण मनोऱ्याने सांगितलेल्या सरासरी वाऱ्यावर हिशेब करतात आणि झोत, म्हणजे मधूनच येणारा जोराचा झपका, विसरतात. धावपट्टी २७ (म्हणजे २७० अंशांच्या दिशेची) असून वारा २२० अंशांवरून १४ नॉट, झोत २४ नॉट असेल, तर आडवा घटक सरासरीने जेमतेम ११ नॉट भरतो, पण झोतात तो १८ च्या वर जातो. तोच झोत ओसरला की समोरचा वाराही सुमारे ६ नॉटांनी घटतो. ६५ नॉटांचा वेग असा एकाएकी ५९ वर आला, तर पंखाच्या त्याच कोनात लिफ्ट (विमानाला उचलून धरणारा जोर) जवळजवळ १८ टक्क्यांनी कमी होते, म्हणजे ११०० किलोच्या विमानाचा सुमारे २०० किलोंचा आधार निघून जातो. म्हणूनच सरासरी आणि झोत यांतील फरकाच्या निम्मा वेग, येथे ५ नॉट, अंतिम टप्प्यात वाढवून ठेवायचा आणि धावपट्टी पुरेशी लांब असल्यास फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा) कमी ठेवायचे.

तरीही माझ्या अनुभवात खरा घात होतो तो चाके टेकल्यानंतर. इतका वेळ वाऱ्याच्या बाजूचा पंख खाली आणि विरुद्ध बाजूचा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा भाग) धरून नाक नीट सरळ ठेवणारा विद्यार्थी जमीन लागताच सुटकेचा निःश्वास टाकतो आणि हात सैल सोडतो. विमान मात्र अजून निम्मे हवेतच असते. शेपटीवर आदळणारा वारा नाक वाऱ्याच्या दिशेने फिरवतो, वाऱ्याकडचा पंख उचलला जातो आणि वेग घटत असल्याने रडरचा जोरही ओसरत जातो. अशा वेळी योक (विमानाचे हाताने धरायचे सुकाणू) वाऱ्याच्या बाजूला कमी नव्हे, वेग उतरेल तसतसा अधिक वळवत न्यावा लागतो, अगदी शेवटपर्यंत. हे मी प्रत्येकाला इतक्यांदा सांगतो की त्यांना कंटाळा येत असावा, पण याला पर्याय नाही.

विमान उसळले तर योक पुढे ढकलू नये. नोजव्हील (नाकाखालचे चाक) आधी आदळते आणि त्यामागची फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली भिंत) वाकते. पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची पूर्ण ताकद) देऊन गो-अराउंड करावा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावे. टेकण्यापूर्वी पूर्ण रडर देऊनही नाक मध्यरेषेला समांतर राहत नसेल, तर त्या धावपट्टीसाठी तो वारा जास्तच आहे असे समजून तिथूनच वर जावे. अशा दिवशी दुसऱ्या दिशेची धावपट्टी असलेल्या विमानतळापर्यंत पुरेल इतके इंधन मी निघण्यापूर्वीच भरून घेतो.