स्पर्धेला तीन आठवडे उरले आहेत आणि आमची फॉर्म्युला स्टुडंट गाडी तापली की बंद पडते. इंजिन बदलावे का?

तुम्ही लिहिले आहे की ऐरोलीच्या तुमच्या महाविद्यालयाची गाडी केटीएम ३९० च्या इंजिनावर चालते, दहा-पंधरा मिनिटे पळवल्यावर ती मिसिंग करू लागते, बंद केल्यास गरम असेपर्यंत पुन्हा सुरू होत नाही, ब्रेकचे पेडल मऊ लागते, मध्यंतरी एकदा चेनही उतरली, आणि जानेवारीतली फॉर्म्युला भारत, म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा, तोंडावर आलेली असताना निम्मी टीम इंजिनच बदलायला निघाली आहे. मी नवी मुंबईतल्याच एका टीमचा माजी सदस्य आहे, सध्या रबाळ्याच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो आणि संध्याकाळी जमेल तसा जुन्या टीमच्या वर्कशॉपमध्ये जातो. तुमच्या वर्णनावरून तरी माझे मत असे आहे की इंजिनाला हात लावू नये. ही सगळी लक्षणे इंजिनाच्या बाहेरच्या कारणांनीही येतात, किंबहुना बहुतेक वेळा तशीच येतात. आणि इंजिन बदलायला घेतले तर माउंट, हार्नेस (वायरींचा जुडगा), कूलिंगचे पाइप आणि चेनची रेषा पुन्हा जुळवण्यातच उरलेले दिवस संपतील.

त्याआधी टीममध्ये एक नियम करून टाका: जो बिघाड हुकमी घडवून आणता येत नाही, तो दुरुस्त झाला असे कोणीही म्हणायचे नाही. अशा काळात सर्वत्र काय होते ते मी पाहत आलो आहे. गाडी बंद पडते, एक जण कनेक्टर साफ करतो, दुसरा प्लग बदलतो, तिसरा लॅपटॉपवर इंधनाचा मॅप (किती पेट्रोल सोडायचे त्याचा तक्ता) थोडा हलवतो, आणि एवढ्यात गाडी थंड झालेली असल्यामुळे ती सुरू होते. मग सगळे आनंदाने वडापाव खायला जातात आणि नेमके कशामुळे काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही. थंड गाडी सुरू होणे हा कशाचाच पुरावा नाही, कारण तुमची तक्रार मुळात गरम गाडीची आहे.

म्हणून चाचणी स्पर्धेसारखी घ्या. एंड्युरन्स, म्हणजे स्पर्धेतली लांब पल्ल्याची फेरी, सुमारे २२ किलोमीटरची असते, अर्ध्यावर इंजिन बंद करून चालक बदलावा लागतो आणि त्यासाठी तीन मिनिटे मिळतात. त्यानंतर गाडी स्वतःच्या स्टार्टरने सुरू झाली नाही तर वर्षभराची मेहनत तिथेच थांबते. सुटीच्या दिवशी महापे-रबाळ्याकडच्या एखाद्या कारखान्याचे मोकळे आवार लेखी परवानगी घेऊन मिळवा, शंकू लावा, रेडिएटरचा पंखा चालू ठेवून सलग ११ किलोमीटर चालवा, इंजिन बंद करा, घड्याळ लावून तीन मिनिटे थांबा आणि मग स्टार्टर दाबा. अग्निशामक हातात घेतलेला माणूस पूर्ण वेळ उभा असलाच पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

आता ती सुरू झाली नाही, तर तो क्षण वाया घालवू नका. त्या दोन-तीन मिनिटांत चार गोष्टी पाहायच्या आहेत आणि प्रत्येकीसाठी माणूस आधीच ठरलेला हवा. पहिला माणूस मल्टिमीटर ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) पुरवठ्याच्या पिनांवर धरून स्टार्टर फिरताना व्होल्टेज पाहील. बॅटरीच्या टर्मिनलवरचे नव्हे, ईसीयूच्या पिनांवरचे, कारण मधल्या वायरीत, रिलेत आणि रंगावर कसलेल्या अर्थिंगच्या बोल्टात किती व्होल्ट गळतात ते तिथेच कळते. दुसरा लॅपटॉपवर स्टार्टर फिरतानाचा आरपीएम पाहील. तिसरा इंधनाच्या रेलवरचा (इंजेक्टरला पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब पाहील, जो तुमच्या रेग्युलेटरनुसार असेल, बहुधा ३ बारच्या आसपास. चौथा स्पार्क टेस्टर लावून ठिणगी पाहील आणि नंतर प्लग काढून तो ओला आहे की कोरडा ते लिहून ठेवील.

या चार नोंदी एकत्र ठेवल्या की वाद मिटतात. स्टार्टर फिरतो आहे पण आरपीएम शून्य किंवा तुटक दिसतो, याचा अर्थ क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटतो आहे. सेन्सर गरम झाल्यावर कमजोर पडला असेल, त्याची फट वाढली असेल किंवा त्याची वायर स्टार्टरच्या जाड केबलला चिकटून गेली असेल. आरपीएम नीट आहे, ठिणगी आहे, पण रेलमध्ये दाब नाही, तर पंप किंवा इंधनाच्या नळीत वाफ धरली आहे का ते पाहा. एक्झॉस्टला खेटून गेलेली नळी हे त्याचे नेहमीचे कारण असते आणि उपाय म्हणजे नळीचा मार्ग बदलणे व मध्ये उष्णतारोधक पत्रा लावणे. सगळे ठीक आहे पण प्लग ओला आहे, तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर ईसीयूला गाडी थंड असल्याचे सांगत नाही ना, हे लॉगमध्ये तपासा, कारण तसे असेल तर ईसीयू गरम इंजिनात थंड इंजिनाइतके पेट्रोल ओततो.

मात्र माझा पहिला संशय विजेच्या पुरवठ्यावर आहे, कारण मिसिंग आणि गरम असताना सुरू न होणे ही दोन्ही लक्षणे एकत्र आली आहेत. रस्त्यावरच्या मोटारसायकलीला समोरून वारा लागतो, त्यामुळे तिचा पंखा अधूनमधूनच चालतो. तुमच्या गाडीचा वेग वळणावळणांच्या मार्गावर कमी, रेडिएटर बाजूच्या पॉडमध्ये, म्हणून पंखा जवळजवळ सतत चालतो. त्यात इंधनाचा पंप, ईसीयू, डेटा लॉगर आणि ब्रेक लाइट. मूळ अल्टरनेटर एवढा भार सतत पेलेलच असे नाही, आणि वजन वाचवण्यासाठी छोटी बॅटरी घातली असेल तर ती चालता चालता रिकामी होत जाते. तपासणी सोपी आहे: गाडी गरम, पंखा चालू, इंजिन ४-५ हजार आरपीएमवर, आणि बॅटरीवर मीटर. साधारण १३.५ ते १४.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे; १२.५ च्या खाली घसरत असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर, त्याचा कनेक्टर आणि भार यांचा हिशेब मांडा. वितळून तपकिरी झालेला रेक्टिफायरचा कनेक्टर डोळ्यांनीच दिसतो, फक्त तो सीटमागे दडलेला असतो म्हणून कोणी वाकून पाहत नाही. स्टार्टर दाबल्यावर ईसीयूचा पुरवठा ९ व्होल्टच्या आसपास उतरत असेल, तर इंजिन उघडण्याचा विषयच संपला.

इंजिन उघडण्याइतके गंभीर काही आहे का, हे कळायला तेल गाळून पाहा. फिल्टर कापून त्याचा कागद पसरा. त्यात चमकणारा धातूचा चुरा असेल तरच पुढचा विचार करा. तो येण्याचे या गाड्यांमधले खास कारण असे की मोटारसायकल वळणावर कलते, त्यामुळे तेल संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या कुंडाच्या) तळाशीच राहते. चारचाकी कलत नाही, म्हणून लांब वळणात तेल एका भिंतीवर चढते, तेल ओढणारा पिकअप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडे पडते. संपमध्ये बॅफल (तेल अडवणारे पत्रे) घातले नसतील तर ८ च्या आकड्याच्या स्किडपॅडचा सराव तेलाचा दाब लॉग केल्याशिवाय करू नका. डॅशवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका, चालकाचे लक्ष तेव्हा शंकूंकडे असते.

ब्रेकबद्दल एकच प्रश्न आधी सोडवा: पेडल थंड असतानाही मऊ आहे, की फक्त तापल्यावर होते? फक्त तापल्यावर मऊ होऊन थंड झाल्यावर पुन्हा कडक होत असेल, तर फ्लुइड उकळतो आहे. डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश असतो, पण पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत येऊ शकतो. आणि जुलैत उघडून वर्कशॉपच्या फळीवर ठेवलेल्या बाटलीने आपल्याकडच्या पावसाळ्यात किती दमट हवा प्यायली असेल, याचा अंदाज करा. ती बाटली फेकून सीलबंद आणा. थंड असतानाही मऊ असेल, तर आत हवा आहे, आणि अनेकदा ब्लीडिंग करूनही (निपल उघडून हवा बाहेर काढूनही) ती जात नसेल तर कॅलिपर कसा बसवला आहे ते पाहा. मोटारसायकलचा कॅलिपर अपराइटवर (चाकाचा हब धरणाऱ्या भागावर) वेगळ्या कोनात बसवला की त्याचा ब्लीड निपल वरच्या टोकाला राहत नाही आणि त्याच्याही वर हवेचा बुडबुडा अडकून बसतो. कॅलिपर सोडवा, पॅडांच्या मध्ये डिस्कच्या जाडीचा तुकडा घाला, निपल आकाशाकडे राहील असा धरून ब्लीड करा आणि मग पुन्हा बसवा. तपासणीत चारही चाके एकदम लॉक झाली नाहीत तर एकाही डायनॅमिक (गाडी चालवण्याच्या) फेरीत उतरता येत नाही, म्हणून पॅड नीट बसेपर्यंत ही चाचणी कोरड्या डांबरावर घेत राहा. धुळीत चाके लॉक होणे फसवे असते.

चेन एकदा उतरली ती पुन्हा उतरणार. मागचे चाक हाताने फिरवत निरनिराळ्या ठिकाणी चेनचा ढिलेपणा मोजा. एका जागी ताण आणि दुसरीकडे ढिली असेल, तर स्प्रॉकेट मध्यात बसलेले नाही. सगळीकडे सारखी असूनही उतरत असेल, तर दोन्ही स्प्रॉकेटांना दोरा लावून रेषा पाहा आणि जोर लावल्यावर डिफरन्शियलचे ब्रॅकेट वाकते का, ते मोबाइलवर चित्रित करा. नव्याने काही फिरवून घ्यायचे असेल तर वागळे इस्टेटमध्ये लेथचे काम करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांचा साप्ताहिक सुटीचा वार आधी विचारा. नायलॉक नट, बेअरिंग आणि सेफ्टी वायर एका फेरीत आणायला मुंबईतली नागदेवी स्ट्रीट बरी.

टिल्ट आणि आवाजाच्या चाचणीसाठी फार वेळ देऊ नका, पण विसरूही नका. टाकी पूर्ण भरून गाडी ६० अंशांत कलवल्यावर थेंबही गळता कामा नये. आवाजाची मर्यादा आयडलला १०३ आणि चाचणीच्या आरपीएमला ११० डेसिबल सी अशी असते; त्या आरपीएमसाठी पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.२५ मीटर धरतात, म्हणजे तुमचे इंजिन ६० मिलिमीटर स्ट्रोकचे असेल तर ७,५०० च्या आसपास. यंदाची नियमावली उघडून आकडे पडताळा. मफलरमधली काचलोकर जळून गेली असेल तर ती आताच बदला. २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरचे (इंजिनाची हवा मर्यादित ठेवणाऱ्या अरुंद नळीचे) तोंड झाकल्यावर इंजिन लगेच बंद पडले नाही, तर पुढे कुठेतरी हवा शिरते आहे, आणि मिसिंगचे तेही एक कारण असू शकते.

प्रत्येक कसलेल्या नटावर आणि त्याखालच्या ब्रॅकेटवर मिळून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली की तो नट सैल झाला आहे. स्पर्धा जिथे होते त्या कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेपर्यंत टेम्पोचा प्रवास हजाराहून जास्त किलोमीटरचा आहे. तेव्हा बॅटरी सोडून ठेवा, चॅसिसखाली ठोकळे देऊन पट्टे चॅसिसला बांधा, चाकांना किंवा विशबोनला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांना) नाही, आणि तिथे उतरवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी त्या सगळ्या रेघा पुन्हा एकदा पाहून घ्या.