ताटावरचा पहारा

वाचकाचे पत्र : माझे पती ५६ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना टाइप २ मधुमेह निघाला आणि गेल्या महिन्यात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.४ आली. तेव्हापासून मी घरातून साखर, भात, बटाटा बंद केला आहे. त्यांच्यासाठी वेगळी ज्वारीची भाकरी, सकाळी कारल्याचा रस आणि रात्री फक्त सूप असते. ते मात्र रोज सकाळी मित्रांबरोबर तर्री-पोहे खाऊन येतात, आणि परवा स्कूटरच्या डिक्कीत संत्रा बर्फीचा डबा सापडला. सासूबाई म्हणतात, गुळाने काही होत नाही. जेवायला बसले की भांडण ठरलेले. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी वाढवली, तरी मधूनमधून पहाटे त्यांना घाम फुटतो, हातपाय थरथरतात. अशक्तपणा काही जात नाही. त्यांना पथ्य पाळायला कसे लावू? (एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

ताई, तुमच्या पत्राचा बराचसा भाग पथ्याविषयी आहे, परंतु मला आधी पहाटेच्या घामाविषयी लिहिणे भाग आहे, कारण ती गोष्ट लांबणीवर टाकण्यासारखी नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडायला लावते आणि त्या वेळी पोटात पुरेसे अन्न आहे की नाही, याची ते वाट पाहत नाही. त्यामुळे गोळी वाढलेली आणि रात्रीचे जेवण सुपावर आलेले, असे झाले की पहाटेपर्यंत रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड ही त्याचीच लक्षणे असू शकतात आणि घरोघरी त्यांना अशक्तपणा समजून सोडून दिले जाते. पुन्हा असे झाले तर ग्लुकोमीटरवर आकडा पाहा. तो ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि बरे वाटल्यावर थोडे खायला द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता तडक रुग्णालय गाठा. साखरेचा डबा तेवढ्यासाठी तरी घरात परत आणा.

पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला आणि सूप व कारल्याचा रस या दोन्हींची माहिती त्यांना द्या, कारण रसानेही साखर काहीशी उतरू शकते आणि डोस ठरवणाऱ्याला ते ठाऊक असायला हवे. आज रात्रीपासून सुपाऐवजी पूर्ण जेवण वाढा.

आता पथ्याकडे वळू. तुम्ही केलेली बंदीची यादी मेहनतीची आहे, पण ती चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देते. कोणता पदार्थ चालतो यापेक्षा एका बैठकीत पिष्टमय पदार्थ किती पोटात जातात, हे मधुमेहात अधिक महत्त्वाचे असते. ज्वारीचेच पाहा. शंभर ग्रॅम गव्हाच्या कणकेत आणि शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात पिष्टमय भाग जवळपास सारखाच, साधारण ६५ ते ७० ग्रॅम असतो. भाकरी चांगलीच आहे, पण ‘भाकरी आहे, खा हवी तेवढी’ असे म्हणत तीन वाढल्या तर पोळी सोडल्याचा फायदा उरत नाही. भातही हद्दपार करण्याचे कारण नाही. एक लहान वाटी मोजून घ्यावा, आणि आधी भाजी, कोशिंबीर व घट्ट वरण खाऊन तो शेवटी घ्यावा. या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. यात एक पैसाही जास्त लागत नाही.

तर्री-पोह्यांविषयी मी तुमच्या पतींची थोडी बाजू घेणार आहे. टपरीवर माणूस केवळ पोहे खायला जात नाही. तिथे कोणाची बदली, कोणाच्या मुलीचे लग्न, महानगरपालिकेने कोणता रस्ता पुन्हा खोदला, हे सारे चालते. ते सोडा म्हटले की तुमच्यापासून लपवणे एवढेच त्यांच्या हाती उरते. पोहे म्हणजे शेवटी तांदूळच, त्यामुळे भरलेली प्लेट साखर चढवते हे खरे. मात्र तर्रीतला काळा हरभरा त्यांच्या बाजूचा आहे, त्यात प्रथिने आणि तंतुमय भाग दोन्ही आहेत. म्हणून त्यांनी अर्धी प्लेट पोहे, दुप्पट चणे, वरचा तेलाचा तवंग बाजूला आणि शेव नको, असे सांगावे. टपरीवाले असे करून देतात. आपल्याकडे मागण्याचा संकोच असतो, इतकेच. सोबतचा चहा बिनसाखरेचा असावा. आठवड्यातून एक-दोनदा हे चालेल. रोज मात्र नाही, हे त्यांनाही मान्य करावे लागेल.

बर्फीच्या बाबतीत मी एवढी उदार नाही, पण लपून खाल्लेल्या चार वड्यांपेक्षा सर्वांसमोर खाल्लेली अर्धी वडी मला परवडते, कारण तिचा हिशेब ठेवता येतो. ज्या दिवशी वडी घेतली, त्या जेवणात भात नको. संत्री मात्र खुशाल खावीत, एका वेळी एक, सालपटे काढून फोडी चावून; रस काढू नये, कारण एका पेल्यात तीन-चार संत्र्यांची साखर जाते आणि चोथा गाळणीत राहतो. सासूबाईंचा गूळही बहुतांशी साखरच आहे. त्यांच्याशी यावर वाद घालण्यापेक्षा पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुनेचे बोलणे आणि डॉक्टरांचे बोलणे यांचे वजन घरात वेगवेगळे असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

राहता राहिला तुमचा पहारा. तो उठवा. वेगळी भाकरी, वेगळी भाजी करून तुम्ही त्यांना ताटावर एकटे पाडले आहे आणि स्वतःला दुप्पट राबवत आहात. कमी तेलाचे भरीत, अंबाडीची भाजी, मोजका भात, वरण असे एकच जेवण साऱ्या घराचे असू द्या. ‘हे खाऊ नका’ म्हणण्याऐवजी मीटर त्यांच्या हातात द्या. एक दिवस नेहमीसारखे भरप्लेट पोहे खाऊन, पहिल्या घासानंतर दोन तासांनी त्यांनीच साखर तपासावी. दुसऱ्या दिवशी अर्धी प्लेट आणि जास्त चणे घेऊन पुन्हा तसेच करावे. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर हा आकडा साधारण १८० च्या आत असावा. दोन्ही आकडे त्यांनी स्वतः वहीत लिहावेत आणि त्यावर तुम्ही काहीही बोलू नये. हे अवघड जाईल, याची मला कल्पना आहे. रात्री जेवल्यावर दोघांनी कॉलनीतच दहा-पंधरा मिनिटे चालून यावे. उन्हाळ्यात आपल्याकडे तेवढीच वेळ जरा बाहेर पडण्यासारखी असते.

तुमच्या स्वतःच्या तब्येतीविषयी पत्रात एक ओळही नाही. त्यांच्या पुढच्या तपासणीला जाल, तेव्हा त्याच खेपेत तुमचीही उपाशीपोटी साखर आणि रक्तदाब पाहून घ्या.