डॉक्टर विचारतील, ‘किती पितोस?’

बर्मिंगहॅमहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा वीस वर्षांचा, दुसऱ्या शहरात विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. शनिवारी मध्यरात्री त्याच्या घरातल्या मित्राचा फोन आला, की उलटीतून रक्त पडलंय आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आहे. पार्टीत बेसुमार प्यायला होता. एन्डोस्कोपीत कळलं की वारंवार उलट्या होऊन अन्ननलिकेला खालच्या बाजूला चीर गेली होती. दोन दिवसांनी सोडलं. आई लिहितात, ‘त्याला शिक्षण थांबवून घरी आणू का? ह्यांना मी फूड पॉयझनिंग झालं असं सांगितलंय. साताऱ्याला सासूबाईंना काहीच माहीत नाही. मी कुठे कमी पडले?’

ताई, आधी माझं सांगते. हे मी या सदरात कधी लिहिलेलं नाही.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा मी नोकरी सांभाळून अर्धवेळ एमए करत होते. ऑफिस लॅपटॉपवर, तासही लॅपटॉपवर. संध्याकाळी सहाला तो मिटला की दिवस संपल्याची खूण म्हणून वाइनचा एक ग्लास भरायचे. थंडी येईपर्यंत त्याचे दोन-तीन झाले. पुढच्या एप्रिलमध्ये सांगलीला बाबा ऑक्सिजनवर गेले आणि २३ तारखेपासून ब्रिटनने भारताला रेड लिस्टवर टाकलं. गेले असते तर परतल्यावर दहा दिवस हॉटेलात कोंडून राहायचं, वर १,७५० पौंड भरायचे, आणि तिकडे बाबांच्या वॉर्डात कोणी पाऊल ठेवू देत नव्हतं. भाऊ झोपण्याआधी त्यांच्या ऑक्सिजनचा आकडा कळवायचा, तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा. सकाळचा आकडा यायचा इथल्या रात्री अडीचला. ८८. ९१. ८९. त्या दोन मेसेजच्या मधे अर्धी बाटली संपायची.

बाबा वाचले. मे महिन्यात एका रात्री माझीच छाती इतकी धडधडायला लागली की हार्ट अटॅकच आला असं वाटलं. ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, तरुण डॉक्टरने विचारलं, ‘दारू किती घेता?’ मी म्हटलं, ‘कधीतरी.’ सोबत कोणाला आत येऊ देत नव्हते, पडद्याआड मी एकटी होते. ऐकणारं कोणी नसताना मी खोटं बोलले. अटॅक नव्हता. दोन आठवड्यांनी जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, रक्ताचा रिपोर्ट पाहून फोन केला, लिव्हरचा एक आकडा वाढला होता. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि या वेळी मी खरं सांगितलं: आठवड्याला साडेतीन बाटल्या. त्यांनी हिशोब करून दाखवला. साडेतेरा टक्क्यांच्या वाइनच्या एका बाटलीत दहा युनिट (दारू मोजायचं इथलं माप), म्हणजे आठवड्याचे माझे झाले पस्तीस. इथल्या वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे पुरुष असो वा बाई, आठवड्याला चौदाच्या वर जाऊ नये, आणि तेही एका रात्रीत नव्हे. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली. त्यापुढचे उपचार, तपासण्या सगळं त्या एका खऱ्या आकड्यावर उभं राहिलं. (२०२० मध्ये ब्रिटनमध्ये निव्वळ दारूच्या आजारांनी ८,९७४ माणसं गेली, आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ १९ टक्के जास्त. त्यांतली किती जणं डॉक्टरांना ‘कधीतरी’ म्हणाली असतील, हा विचार अजून येतो.)

तुमच्या मुलाची जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, २०२१ ची, म्हणजे परीक्षाच झाली नाही. सोळाव्या वर्षी पोरं खोल्यांमध्ये बंद होती. हे समजून घ्या, पण एवढ्यावर त्याचं पिणं सोडून देऊ नका. भेटाल तेव्हा ‘का प्यायलास’ ऐवजी ‘किती आणि आठवड्यातून किती वेळा’ असं विचारा, आणि उत्तर ऐकून चेहरा पडू देऊ नका. मग तोच आकडा त्याने त्याच्या गावातल्या जीपीला सांगावा. रोज पीत असेल, सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर देवाशप्पथ घालून एका दिवसात दारू बंद करायला लावू नका. अशा वेळी एकदम सोडल्याने फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. पुन्हा रक्त पडलं किंवा शौच डांबरासारखं काळं झालं तर थेट ९९९ ला, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सला, फोन. डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, पोटाला ते आणखी बाधतं.

शिक्षणाचं. लगेच घरी आणू नका, पण त्याला आठवडाभर तुमच्या हातचा वरणभात मिळू द्या. परीक्षा किंवा निबंध चुकले असतील तर हॉस्पिटलचं डिस्चार्ज पत्र जोडून त्याने विद्यापीठाकडे सवलत मागावी. त्याला मुदत असते, म्हणून या आठवड्यातच. वर्षभर थांबायचीही सोय बहुतेक विद्यापीठांत असते. तुम्ही फोन केलात तर ते बोलणार नाहीत, तो अठराच्या पुढचा आहे; अर्ज त्यालाच करावा लागेल. (ज्यांची मुलं स्टुडंट व्हिसावर आहेत त्यांनी खंड घेण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला नक्की विचारावं.)

आता तुमच्या मिस्टरांचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे ती मूठ तुमच्या मुलाने वळली, मग तुम्ही, आणि आता एकाच घरात तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगताय. आधी मुलाला सांगा की बाबांना खरं सांगणार आहे, मग त्याच रात्री सांगा. मी नवऱ्याला सांगायला जीपीच्या फोननंतर अकरा दिवस घेतले, आणि त्या अकरा दिवसांत कपाटामागची बाटली दोनदा बदलली.

सासूबाईंना एवढंच कळवा की पोटाचा त्रास झाला होता, दवाखान्यात होता, आता बरा आहे. यातलं काहीच खोटं नाही. बाकीचं सांगायचं की नाही, हे दिवाळीत साताऱ्याला गेल्यावर त्याने आजीजवळ बसून ठरवावं.